बोटाच्या सवयीचा धनी कोण?

संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय देवरुखला, आणि तालुक्याचे न्यायालयही तिथेच. देशातल्या इतर तालुका न्यायालयांसारखा इथला कारभारही ई-कोर्ट्स प्रकल्पात येतो. या प्रकल्पासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने उबुंटू ही लिनक्सवर उभी असलेली मुक्त कार्यप्रणाली पत्करली. न्यायाधीशांना उबुंटू घातलेले लॅपटॉप मिळाले, देशभरातल्या १४,००० हून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना तिचे प्रशिक्षण दिले गेले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवरच बांधली. निर्णय योग्य होता. परवान्यांचा खर्च वाचला आणि सरकारी काम एका कंपनीच्या मर्जीवर राहिले नाही. पण त्याची एक बाजू क्वचितच बोलली जाते. अशा प्रणालीचे सुटे भाग जगभर विखुरलेली माणसे लिहितात. त्यांतला एखादा भाग बदलला की पुढच्या आवृत्तीबरोबर तो बदल तालुक्याच्या कचेरीतही येऊन ठेपतो. काय बदलले ते बोटाला लगेच कळते, का बदलले ते मात्र कोणी सांगत नाही. टचपॅडवरून पान सरकवण्याच्या सोयी गेल्या दहा-बारा वर्षांत अशाच बदलल्या, आणि त्यांतल्या काही गेल्या त्या गेल्याच. त्या का गेल्या आणि गेल्या याचा दोष कोणाचा, हा या लेखाचा प्रश्न. त्यासाठी दोन माणसे समोरासमोर बसवली आहेत. दोघेही कल्पित आहेत: संगमेश्वरच्या बाजारपेठेत राहणारे, न्यायालयातून लघुलेखक म्हणून निवृत्त झालेले काका, आणि पुण्यात मुक्त सॉफ्टवेअरचे काम करणारी त्यांची पुतणी.

काका : अगं, माझी तक्रार साधी आहे. उबुंटूच्या १६.०४ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, टचपॅडच्या उजव्या काठावर एक बोट वरून खाली ओढलं की पान सरकायचं. सेटिंगमध्ये थोडी खटपट केली, तर काठावर सुरुवात करून बोट न उचलता गोल गोल फिरवत राहिलं तरी पान सरकतच राहायचं. आणि बोट झटक्यात उचललं तर पान स्वतःच्या वेगाने थोडं घरंगळून थांबायचं. शंभर पानी दोषारोपपत्र, जमिनीच्या दाव्यातले फेरफार आणि सातबारे, वरच्या न्यायालयाचे लांबलचक निकाल, हे सगळं पडद्यावर वाचणाऱ्या माणसाला या तीन गोष्टींची किंमत कळते. २०१८ ची १८.०४ आवृत्ती आली आणि गोल फिरवणं पार गेलं. घरंगळणं काही प्रोग्रॅममध्ये राहिलं, काहींत नाहीसं झालं. काठावरचं आणि दोन बोटांचं सरकवणं पूर्वी एकाच वेळी चालू ठेवता यायचं, आता दोन्हींतलं एकच निवडायचं. नवी आवृत्ती म्हणायची आणि हातातलं काढून घ्यायचं, याला सुधारणा कुठल्या हिशेबाने म्हणतेस?

पुतणी : काका, कमी झालं हे मी नाकारत नाही. पण ज्या सोयी तुम्ही मोजल्या, त्या कुठल्या काळातल्या आहेत ते पाहा. ॲपलने १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० या लॅपटॉपवर टचपॅड दिला, तेव्हापासून पुढची बरीच वर्षं हे पॅड चिमुकले होते. त्यांना एका बोटाची जागा कळायची, दुसरं बोट टेकलं तर गोंधळ व्हायचा. एका बोटाने बाण हलवायचा, मग त्याच बोटाने पान कसं सरकवायचं? म्हणून काठाची पट्टी राखून ठेवायची युक्ती निघाली. पट्टी आखूड, बोट लगेच तळाला पोचायचं, म्हणून बोट गोल फिरवायची दुसरी युक्ती निघाली. सिनॅप्टिक्स कंपनीने विंडोजवर ती कायरल स्क्रोलिंग या नावाने विकली, आणि लिनक्सवरच्या सिनॅप्टिक्स याच नावाच्या ड्रायव्हरमध्येही ती आली. २००५ मध्ये ॲपलच्या पॉवरबुकवर दोन बोटांनी पान सरकवता येऊ लागलं. मग पॅड मोठे झाले, खालची बटणं पॅडमध्येच विरून गेली, आणि हार्डवेअरला पाच-पाच बोटं एकदम मोजता येऊ लागली. ज्या अडचणीतून त्या युक्त्या जन्मल्या, ती अडचणच राहिली नाही.

पुतणीचा हा मुद्दा इतिहासाला धरून आहे, पण तेवढ्याने काकांची तक्रार निकालात निघत नाही. अडचण संपली म्हणून तिच्यावरचा उपाय निरुपयोगी ठरतोच असे नाही. उपाय एकदा हातात बसला की त्याला स्वतःचे उपयोग फुटतात. खरा प्रश्न असा आहे की जुना उपाय ठेवण्याची किंमत काय होती आणि ती कोण मोजत होते. लिनक्सवरचा सिनॅप्टिक्स ड्रायव्हर अनेक वर्षे सांभाळणारे रेड हॅट कंपनीतले पीटर हटरर हेच पुढे त्याची जागा घेणाऱ्या लिबइनपुट या नव्या ग्रंथालयाचे, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायच्या तयार कोडच्या संग्रहाचे, प्रमुख लेखक झाले. जुने घर ज्याने वर्षानुवर्षे डागडुजी करून उभे ठेवले, त्यानेच ते सोडायचे ठरवले, या गोष्टीला पुरावा म्हणून वजन आहे. त्यांना जुने कळत नव्हते किंवा नव्याची हौस होती, असे म्हणता येत नाही. लिबइनपुटची सुरुवात २०१३ च्या सुमारास योनास ओडाल यांनी वेलंड या नव्या चित्रप्रणालीसाठी केली. २०१५ मध्ये फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या २२ व्या आवृत्तीने एक्स या जुन्या चित्रप्रणालीवरही तेच मूळ निवड म्हणून लावले, आणि उबुंटूने २०१७ च्या १७.१० पासून ती वाट धरली.

पुतणी : किंमत विचारता, तर ऐका. जुन्या ड्रायव्हरमध्ये डझनावारी सेटिंगं होती. काठाची रुंदी, दाबाची मर्यादा, टिचकीचा वेळ, घरंगळण्याचा वेग, घरंगळताना होणारं घर्षण, गोल फिरवणं कुठल्या कोपऱ्यापासून सुरू व्हावं, सगळं वेगवेगळं ठरवता यायचं. ऐकायला छान वाटतं. पण नुसती चालू-बंद अशी वीस सेटिंगं धरली, तरी त्यांच्या जोडण्या दहा लाखांवर जातात, नेमक्या १०,४८,५७६. यांतल्या किती कोणी तपासून पाहिल्या असतील? एकाच्या लॅपटॉपवर दाबाचा आकडा बदलून तळहाताचा त्रास थांबायचा, तोच आकडा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बोटच ओळखायचा नाही. जो तो आपल्यापुरता आकडा शोधून काढायचा आणि खरा दोष तसाच राहायचा. लिबइनपुटने उलटं धोरण घेतलं. सेटिंगं मोजकी ठेवायची, पॅडच्या जातीप्रमाणे योग्य वागणं आतच ठरवायचं, आणि दर बदलानंतर यंत्राकडून चाचण्या करून घ्यायच्या. तुम्हाला एक कळ कमी मिळाली, पण नव्या लॅपटॉपवर काहीही न करता टचपॅड नीट चालायला लागला, तोही याच धोरणाचा भाग आहे.

काका : चाचण्यांचं मी समजू शकतो. गोल फिरवणं फार थोडे लोक वापरत असतील, तेही मान्य करतो. पण घरंगळण्याचं काय? ती काही जुन्या चिमुकल्या पॅडची लाचारी नव्हे. आजच्या प्रत्येक फोनवर पान घरंगळतं. विंडोजवर घरंगळतं, मॅकवर घरंगळतं. मग तुमच्या नव्या ग्रंथालयाने ते मुद्दाम का काढलं?

पुतणी : कारण ड्रायव्हरच्या जागेवर बसून ते नीट करताच येत नाही. जुना ड्रायव्हर घरंगळवायचा कसा, माहीत आहे? बोट उचललं तरी तो माउसचं चाक फिरत असल्याच्या खोट्या सूचना पाठवत राहायचा. एक्स प्रणालीत चाक फिरणं म्हणजे चौथं आणि पाचवं बटण दाबणं, इतकं ते मूळचं ओबडधोबड. आता पान घरंगळत असताना तुम्ही कॉपी करायला कंट्रोल कळ दाबली, तर प्रोग्रॅमला वाटायचं की कंट्रोल धरून चाक फिरवताय, आणि अक्षरं एकदम मोठी किंवा लहान व्हायची. बाण दुसऱ्या खिडकीवर गेला तर घरंगळणं त्या खिडकीत सुरू व्हायचं. पान कुठे संपलं, बाण कशावर आहे, हे ड्रायव्हरला कळायला मार्गच नाही. ते प्रोग्रॅमला कळतं. म्हणून लिबइनपुट प्रोग्रॅमला दोनच गोष्टी सांगतं: हे सरकवणं चाकाचं नसून बोटाचं आहे, आणि बोट आता उचललं. पुढे किती घरंगळवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. फोनवरही हे काम ड्रायव्हर करत नाही, वरचा थरच करतो.

इथे वादाची गाठ सापडते. तांत्रिकदृष्ट्या पुतणीचे म्हणणे बिनतोड आहे. ज्याला पानाची माहिती आहे त्यानेच पान घरंगळवावे, आणि ज्याला ती नाही त्याने अंदाजाने खोट्या सूचना पाठवू नयेत. पण 'हे काम वरच्या थराचे' असे म्हणताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे वरचा थर ते काम करायला तयार आहे. लिनक्सवर वरचा थर हा एक नाही. जीटीके या साधनसंचावर बांधलेले प्रोग्रॅम वेगळे, क्यूटी या दुसऱ्या संचावरचे वेगळे, ब्राउझर वेगळे, ऑफिसचे प्रोग्रॅम वेगळे, आणि प्रत्येकाचे लेखक व वेळापत्रकही वेगळे. परिणाम असा की काहींनी घरंगळणे लवकर आणले आणि काहींनी वर्षानुवर्षे आणले नाही. एक्स प्रणालीवर फायरफॉक्समध्ये बोटाचे सरकवणे गुळगुळीत व्हावे म्हणून बराच काळ ब्राउझर सुरू करताना एक विशेष चल हाताने लिहावे लागे. निकालपत्र वाचणाऱ्या माणसाला ही क्लृप्ती ठाऊक असावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. पान घरंगळत असताना ते थांबवायला माणूस आपसूक पॅडवर बोट टेकतो. घरंगळण्याचे काम वर गेले, पण बोट नुसते टेकले आहे, हललेले नाही, ही बातमी वर पाठवायची सोयच नव्हती. ती 'होल्ड' या नावाने लिबइनपुटच्या १.१९ आवृत्तीत आली, आणि ते साल होते २०२१. फेडोराने मूळ निवड बदलली २०१५ मध्ये, उबुंटूने २०१७ मध्ये. म्हणजे काम एका थराकडून दुसऱ्याकडे गेल्यावर ते पुरे व्हायला लागणारा एक साधा दुवा चार ते सहा वर्षे उशिरा आला.

काका : हेच मला म्हणायचं होतं, फक्त तारखा माहीत नव्हत्या. पलीकडचा पूल वाहतुकीला खुला व्हायच्या आधी शास्त्री नदीवरची होडी बंद केलीत तुम्ही. पूल चांगला होणार होता, होडी जुनी झाली होती, दोन्ही खरं. पण मधली पाच वर्षं माणसं पोहून जाणार होती का?

पुतणी : होडी वल्हवणारा माणूस एकच होता काका, आणि पुलाचं कामही त्यालाच करायचं होतं. दोन्ही एकदम कसं होणार? आणि पूल उशिरा का झाला तेही बघा. २०१८ च्या सुमारास बिल हार्डिंग नावाच्या एका अमेरिकी प्रोग्रॅमरने लिनक्सचा टचपॅड मॅकबुकच्या तोडीचा व्हावा म्हणून मोहीम काढली आणि लोकांकडून पैसे उभे केले. त्या पैशावर पोविलास कानापिकास यांनी काम केलं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या एक्स सर्व्हर २१.१ मध्ये टचपॅडवरच्या बोटांच्या खुणांना जागा मिळाली. तक्रार करणारे पुष्कळ होते. वेळ किंवा पैसा देणारे थोडे निघाले, आणि ते निघाले तेव्हाच गाडं पुढे सरकलं. फुकट मिळालेल्या वस्तूत उणं काढणं सोपं असतं. जुना ड्रायव्हर आजही मुक्त आहे. ज्याला हवा त्याने सांभाळावा, त्याला कोणी अडवलेलं नाही.

'फुकट आहे, मग तक्रार कशाची' हा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या वादात हमखास येतो. स्वतःच्या घरी स्वतःच्या खुशीने लिनक्स वापरणाऱ्या माणसाला तो लागू पडतो. न्यायालयातल्या लेखनिकाला तो लागू पडत नाही, कारण प्रणाली त्याने निवडलेली नसते आणि बदलण्याचा अधिकारही त्याला नसतो. शिवाय तिथे ती फुकटही नसते. ई-कोर्ट्सच्या दुसऱ्या टप्प्यासाठी १,६७० कोटी रुपये मंजूर होते, आणि २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी. यांतला टचपॅडवर होणारा खर्च शून्याजवळ असेल, पण मुद्दा आकड्याचा नाही. सार्वजनिक पैशावर, वरून ठरवून दिलेली प्रणाली असली की 'नको असेल तर बदला' हे उत्तर देता येत नाही. 'जुना ड्रायव्हर मुक्त आहे' हे तर दिसते तितकेही खरे राहिलेले नाही. एक्स प्रणालीवर तो वेगळा घालता येई. पण उबुंटूचा डेस्कटॉप असलेल्या गनोमने आपल्या सेटिंगच्या खिडकीतून त्याचा आधार काढून घेतला, आणि वेलंडवर तो चालतच नाही, कारण तिथे बोटांची बातमी चित्रप्रणालीच लिबइनपुटकडून घेते. आधी होडी बाजूला ठेवली, मग घाटही बुजवला.

काका : सवयीला तू हसू नकोस. आमच्या कचेऱ्यांतून टंकलेखन यंत्रं गेली तेव्हा काय झालं ते आठव. मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कळमांडणी सरकारी मानक होती, शिकायला सोपं आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. सीडॅकने आयएसएम हे टंकनाचं सॉफ्टवेअर काढलं तेव्हा त्यात इनस्क्रिप्ट तर दिलंच, पण रेमिंग्टनची जुनी मांडणीही दिली. कागद आणि फीत गेली, यंत्राचा खडखडाट गेला, पण यंत्रावर तयार झालेल्या हाताला त्याच जागी तीच अक्षरं मिळाली. माझ्यासारख्या हजारो लोकांनी संगणक न घाबरता पत्करला, तो या एका सोयीमुळे. संगणकावरच्या सरकारी टंकलेखन परीक्षांतही ती मांडणी पुढे चालली. तंत्रज्ञान बदलताना हाताला सांभाळून घेता येतं, हे आपल्याकडच्या लोकांनी करून दाखवलंय.

पुतणी : आणि त्याची फळंही भोगलीत आपण. रेमिंग्टनचा हात सांभाळला म्हणून जुन्या फॉन्टांची सवय सांभाळली गेली, आणि युनिकोड यायला मराठी कचेऱ्यांत किती वर्षं लागली ते तुम्ही पाहिलंय. अजूनही एखादी जुनी फाइल उघडली की निरर्थक अक्षरांची रांग दिसते. सवय जपण्याचं कर्ज पुढच्या पिढीवर चढतं काका. दोन बोटांची सवय करायला माणसाला चार दिवस पुरतात.

पुतणीने इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, आणि त्या सोडवल्या की काकांची बाजू बळकट होते. युनिकोडला उशीर झाला तो अक्षरे आत कशी साठवायची हे प्रत्येक फॉन्टवाल्याने आपल्यापुरते ठरवले म्हणून. बोटांनी कोणती कळ दाबायची याचा त्याच्याशी अपरिहार्य संबंध नव्हता. रेमिंग्टनच्या मांडणीने थेट युनिकोड अक्षरे उमटवता येतात आणि आज तसे टंकन होतही आहे. म्हणजे आतली रचना पूर्ण नवी करून बाहेरची सवय जपणे शक्य असते. टचपॅडच्या बाबतीतही जुना ड्रायव्हर टाकून देणे आणि काठावरच्या सरकवण्याला दोन बोटांबरोबर नांदू न देणे, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पहिल्याला तांत्रिक कारण भक्कम आहे. दुसरा सोपेपणासाठी घेतलेला निर्णय आहे. तो चूक असेलच असे नाही, पण पहिल्याच्या आडोशाने त्याला सूट मिळू नये. आता राहिले ते चार दिवस. ते निरोगी, दोन हात चालणाऱ्या तरुण माणसाचे चार दिवस आहेत. संधिवाताने बोटे आखडलेला, कंपवाताने हात थरथरणारा किंवा अपघातात बोटे गमावलेला माणूस दोन बोटे समांतर ठेवून एकाच वेगाने ओढू शकत नाही. त्याच्यासाठी एका बोटाचे सरकवणे हाच मार्ग असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ४२ रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, असे सांगते. न्यायालयातल्या लॅपटॉपला हे लागू नाही असे कोण म्हणेल?

पुतणी : ते मान्य आहे, आणि म्हणूनच एका बोटाचं काठावरचं सरकवणं लिबइनपुटमध्ये आजही आहे. ज्याला हवं त्याने ते निवडावं. मात्र ज्या लॅपटॉपवर दोघं-तिघं काम करतात, तिथे प्रत्येकाला आपापल्या नावाने खातं असलं तरच ते सोयीचं होईल, हेही कबूल करते. पण मग दोष कोणाचा तेवढं सांगा. हटररांचा? गनोमचा? उबुंटूचा? की ई-कमिटीचा?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी दुसऱ्या दोन प्रणालींकडे पाहणे उपयोगी पडते, कारण तिथेही सोयी काढल्या गेल्या, पण वेगवेगळ्या रीतीने. ॲपलने मॅकच्या २०११ च्या लायन आवृत्तीत पान सरकण्याची दिशाच उलटी केली. बोट वर नेले की मजकूर वर जाऊ लागला. ओरड झाली, पण सेटिंगमध्ये एक खूण काढली की जुनी दिशा परत येत होती, त्यामुळे नुकसान कोणाचेच झाले नाही. २०१५ च्या एल कॅपिटनमध्ये तीन बोटांनी खिडकी ओढण्याची सोय टचपॅडच्या सेटिंगमधून उचलून अपंगांसाठीच्या सेटिंगमध्ये नेली. सोय राहिली, फक्त ती शोधणे अवघड झाले. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर प्रिसिजन टचपॅड आणला आणि बोटांचे काम हार्डवेअर कंपन्यांच्या ड्रायव्हरांकडून स्वतःकडे घेतले. त्यामुळे स्वस्त लॅपटॉपवरचे टचपॅडही सुधारले, पण काठाची पट्टी आणि गोल फिरवणे यांना त्या चौकटीत जागा उरली नाही. थोडक्यात, सोय गमावणे ही लिनक्सवाल्यांची खास खोड नाही. सगळीकडे ओघ एकच आहे: प्रत्येक यंत्रासाठी वेगळा, सेटिंगांनी भरलेला ड्रायव्हर जाऊन एक समान, मोजक्या पर्यायांचा थर येतो. फरक पडतो तो जाता जाता वापरणाऱ्यासाठी काय मागे ठेवले यात. ॲपलने २०११ मध्ये परतीची वाट ठेवली. वरचे आणि खालचे सगळे थर एकाच कंपनीच्या हातात असल्याने घरंगळणेही तिथे मध्येच लटकले नाही. लिनक्सवर थर वेगवेगळ्या लोकांचे असल्यामुळे ही जबाबदारी आपोआप कोणाच्याच अंगावर येत नाही.

म्हणून दोष नव्या ग्रंथालयाच्या लेखकाचा धरता येत नाही. त्याने लिहिले ते घेतलेच पाहिजे, अशी सक्ती त्याने कोणावर केली नव्हती. प्रोग्रॅमांच्या लेखकांनाही दोष देणे कठीण आहे, कारण नवे काम त्यांच्याकडे न विचारता आले. जबाबदारी येते ती मूळ निवड बदलणाऱ्यावर, म्हणजे उबुंटूसारख्या वितरणावर, आणि वितरणाची आवृत्ती हजारो यंत्रांवर एका आदेशाने घालणाऱ्या संस्थेवर. सगळे थर एकत्र दिसतात ते फक्त त्यांना. ग्रंथालय बदलल्यावर ब्राउझरात काय होईल हे ग्रंथालयाच्या लेखकाला तपासणे शक्य नसते, पण दोन्ही एकाच चकतीवर भरून देणाऱ्याला ते शक्य असते, किंबहुना तेच त्याचे काम असते.

पुतणी : पण वितरणाचेही हात बांधलेले असतात. जुन्या ड्रायव्हरला कोणी वाली उरला नाही, गनोमने त्याचा आधार काढला. मग उबुंटूने तो कुठल्या बळावर ठेवायचा? न सांभाळलेला भाग ठेवणं हा वेगळा धोका आहे.

हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर उबुंटूच्या स्वतःच्या व्यवस्थेतच आहे. दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. १६.०४ चा हा काळ एप्रिल २०२१ पर्यंत होता. जुना ड्रायव्हर असलेली प्रणाली तोपर्यंत सुरक्षितपणे चालवता येत होती, आणि घरंगळणे थांबवणारा दुवा त्याच वर्षी आला. म्हणजे घाई न करणाऱ्या संस्थेला मधला काळ बहुतांशी टाळता आला असता. वितरणाने जुने कायम सांभाळावे अशी मागणी कोणी करत नाही. मागणी एवढीच आहे की नवी आवृत्ती देताना बोटाला काय मिळेनासे होईल ते साध्या भाषेत लिहून द्यावे, आणि दुरुस्त्यांच्या पाच वर्षांचा उपयोग संस्थांनी हे तपासायला करावा. आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणांत कर्नलचा आकडा असतो, नव्या चित्रांची यादी असते. 'गोल फिरवून सरकवणे यापुढे नाही' ही ओळही तितकीच आवश्यक आहे.

काका : आणि ती ओळ मराठीत हवी. इंग्रजी टिपण देवरुखात कोण वाचत बसणार? कचेरीतल्या एकाला महिनाभर नवी आवृत्ती वापरायला द्यावी, तीही माझ्या वयाच्या माणसाला, आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्यावं. प्रत्येक जिल्ह्यात प्रणाली सांभाळायला न्यायालयाचेच प्रशिक्षित कर्मचारी आहेत. त्यांना एवढं जड नाही.

पुतणी : आणि जे निघेल ते वर कळवावं, तेही नुसती ओरड करून नाही. कुठला लॅपटॉप, कुठला प्रोग्रॅम, काय केल्यावर काय झालं, एवढं लिहून. इतकी न्यायालयं एक प्रणाली वापरतात. त्यांच्याकडून नीट लिहिलेला एक दोष गेला, तर तो एकट्या माणसाच्या शंभर तक्रारींपेक्षा वजनदार ठरेल. पण काका, गोल फिरवणं परत येईल असं मात्र मी कबूल करणार नाही.

दोघांचे इथे एकमत होत नाही, आणि ते व्हायलाच हवे असेही नाही. एका बोटाचे काठावरचे सरकवणे राहिलेच पाहिजे, कारण त्यावाचून काही माणसे अडतात. गोल फिरवणे ही सुखसोय होती. तिच्यासाठी दहा लाख जोडण्यांचा भार कोणी उचलावा असा आग्रह धरता येत नाही, आणि ती गेली तर हळहळ वाटेल पण अन्याय म्हणता येणार नाही. घरंगळणे योग्य थराकडे गेले, फक्त तिकडची तयारी होण्याआधी गेले. तीन सोयी, तीन वेगळे निवाडे. 'सगळे जुने परत द्या' आणि 'नव्याची सवय करा' ही दोन्ही वाक्ये या तिघींना एकच माप लावतात, म्हणून दोन्ही अपुरी पडतात. सोय काढणाऱ्याने प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचे ते हे: हिच्यावाचून कोणी अडेल का, हिची जागा घेणारे आज तयार आहे का, आणि हे मी वापरणाऱ्याला सांगितले का. ही उत्तरे देण्याची जबाबदारी मूळ निवड बदलणाऱ्याची आहे, आणि सरकारी यंत्रांवर ती बदलते ती आपल्याच करावर चालणारी व्यवस्था.